तळटीप : ‘अंधनालाची वृद्धी’
* तंतुमय अन्नपूरकाची निर्धोकता अजमावताना, आर्थिक सहकार व विकास संघटनेच्या ४०८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे, प्रत्येक गटात किमान १० नर व १० माद्या घेऊन, तुलनेचा गट निराळा राखून, उंदरांना तीन चढत्या मात्रांनी ९० दिवस तो पदार्थ चारण्याचा जो शिरस्ता आहे, त्यात लहान-मोठ्या आतड्यांच्या संधीवरील अंधनाल ही पिशवी बहुधा फुगलेली आढळते. परंतु न पचलेला तंतू तेथील जिवाणूंनी आंबविल्याने व त्यासरशी पाणी आत ओढले गेल्याने हे घडत असल्यामुळे, ऊतींत विकृती नसल्यास परीक्षक त्यास विषबाधेचा पुरावा न मानता शरीराने केलेले अनुकूलन समजतात. पूरकाचे प्रमाण फार वाढविल्यास आहारातील मूळ पोषणच घटते आणि खुंटलेल्या वजनाचा दोष नाहक पूरकाच्या खाती जमा होतो. सबब सर्व गटांचे अन्न पोषणदृष्ट्या समतोल राखणे अगत्याचे ठरते. — संपादक