अर्ध्या गुंठ्याची बाजू किती?

माझा पीएचडीचा विषय शाळेतल्या अपूर्णांकांचा इतिहास आहे म्हटलं की लोक विचारतात, यात इतिहास कसला? भाकरीचं चित्र काढायचं, चार सारखे भाग करायचे, एक रंगवायचा. झालं पाव!

पण पंतोजींच्या शाळेत ही भाकरी नव्हती. तिथे अपूर्णांक पाठ व्हायचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. (औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा.) सतराची दीडपट साडेपंचवीस, हे पोरगं कागदाला हात न लावता सांगायचं.

आता ही यादी परत बघा. सगळे पाव-अर्ध्याच्याच घरातले. तिसऱ्या हिश्श्याचा पाढाच नाही. माझ्या मते याचं कारण बाजार. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे. निम्मे-निम्मे करत गेलं की पूर्ण आकडेच येतात. तिसरा हिस्सा मात्र 5 आणे 4 पै, म्हणजे थेट पैपर्यंत उतरावं लागायचं. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली आणि या पाढ्यांचं रोजचं काम हळूहळू संपलं.

राहिली आकृती. तिची एक गोची आहे. एका भाकरीच्या दोन तुकड्यांतला एक आणि दुसरीच्या तीन तुकड्यांतला एक मिळून किती? मूल तुकडे मोजतं आणि 2/5 म्हणतं. चित्रात दिसतंही तसंच! मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधनात म्हणूनच वाटणीच्या जोडीला मापनही घेतलेलं दिसतं.

आकृती आणि माप एकत्र कुठे सापडेल? मला ते मांजरीत सापडलं. मांजरी बुद्रुक 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलं, तरी घराघरात बोलणं गुंठ्यातच चालतं. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. असे 40 म्हणजे एक एकर. इंग्रजी अमदानीतल्या मोजणीची साखळीही 33 फुटांची, आणि तिचे भाग किती? 16 आणे! म्हणजे बाजारातला अपूर्णांक जमिनीवर आडवा पसरलेला.

इथल्या एका शाळेत सहावीच्या मुलांना मी अर्धा गुंठा चौरस काढायला सांगितला. बहुतेकांनी बाजू निम्मी केली, साडेसोळा फूट. मग पूर्ण गुंठ्यात तो चौरस बसवायला लावला. चार बसले. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, हा तर पावच की. अर्ध्याचे पैसे घेतले तर फसवलं ना!"

मग मी तीन भावांची वाटणी दिली. 33 फुटांचे 11-11 फूट पटकन झाले. आण्यात सांगा म्हटल्यावर सोळाला तीनने भागत वर्ग बराच वेळ गप्प होता.