उपनगरीय घरांतील रेडॉन : पेनसिल्व्हेनियातील एक प्रकरण

डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रास या अभियंत्यामुळे किरणोत्सार-शोधक यंत्राचा इशारा वारंवार वाजू लागला. केंद्राची वीजनिर्मिती तर अद्याप सुरूच झाली नव्हती! अखेर किरणोत्साराचे मूळ बॉयरटाऊनजवळील त्यांच्या राहत्या घरात सापडले. तेथील हवेत रेडॉनचे प्रमाण प्रतिलिटर सुमारे २,७०० पिकोक्युरी होते. पुढे पर्यावरण संरक्षण संस्थेने उपाययोजनेसाठी ठरविलेली पातळी अवघी ४ पिकोक्युरी आहे.

खडकांतील युरेनियमच्या क्षयमालेतून निर्माण होणारा हा वर्णगंधहीन वायू पायाच्या भेगांतून घरात शिरतो. युरेनियम खाणकामगारांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेला त्याचा संबंध तज्ज्ञांना पूर्वीच ज्ञात होता. सामान्य गृहस्थाला मात्र त्याची वार्ता नव्हती. शिवाय शेजारशेजारच्या घरांतही प्रमाणाची मोठी तफावत असते, त्यामुळे प्रत्येक घराची स्वतंत्र चाचणी अपरिहार्य ठरते. कोळशाच्या डबीने ती काही दिवसांत होते. जमिनीखालची हवा नळी व पंख्याने बाहेर सोडणे, हा उपायही साधाच आहे.

१९८८ च्या संघीय कायद्याने घरातील हवा बाहेरच्या हवेइतकी रेडॉनमुक्त असावी, असे उद्दिष्ट ठेवले. खासगी घरांच्या चाचणीची सक्ती मात्र त्याने केली नाही.