पाळकीय सेवा आणि मराठी भक्तिपरंपरा : रेव्ह. ना. वा. टिळक यांच्या विचारांचा मागोवा

प्रस्तावना :
ख्रिस्ती सेमिनरीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. ईश्वरविज्ञान लोकांच्या भाषेत कसे सांगावे? आणि पाळकाने मंडळीची सेवा कोणाच्या आधारावर करावी? महाराष्ट्रात हे प्रश्न नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी स्वतःच्या आयुष्यात सोडविण्याचा प्रयत्न केला. प्रस्तुत लेखात त्यांच्या उत्तरांचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार केला आहे.

हिंगोलीची पार्श्वभूमी :
१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. परंपरा सांगते की, गोरोबाकाकांच्या परीक्षेत नामदेव कच्चे मडके ठरले आणि औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी, देव नसेल तेथे आपले पाय ठेवण्यास त्यांना सांगितले. देवाशी सलगी असली तरी शिक्षण आवश्यक असते आणि शिक्षणाने देव एका जागी बांधला जात नाही, हा या कथेचा आशय होय. याच जिल्ह्याला लागून असलेल्या यवतमाळ येथे १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ साली ती पुण्यास गेली. पाळकांच्या घडणीचा प्रश्न या परिसराला म्हणूनच परका नाही.

टिळकांचे कार्य :
१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर टिळकांनी अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्य केले. तेथील सेमिनरीत ते अध्यापन करीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळीत त्या काळी परकीय चालींवरील भाषांतरित गीते रूढ होती. टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन यांचा अवलंब केला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. भक्तिपरंपरा हा त्यांच्या दृष्टीने केवळ प्रचाराचा मार्ग नव्हता. तो त्यांच्या अनुभवाचा पाया होता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी १९१७ साली दिले. मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, हा त्यांचा हेतू होता. तथापि ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने या प्रयोगास पुरेसा अवधी मिळाला नाही.

मर्यादा :
अहमदनगर व मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग पूर्वाश्रमीच्या महार व मांग समाजांतून आला. ज्यांना मंदिराबाहेर ठेवले गेले, त्यांना भक्तीचा पूल तितकाच आपला वाटेल काय? १९८१ साली बेंगळुरू येथे अरविंद निर्मल यांनी मांडलेल्या विचारांतून दलित ईश्वरविज्ञानाची चर्चा पुढे आली आणि हा प्रश्न अटळ ठरला. येथे नामदेवांचेच उदाहरण बोलके आहे. मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून मृत झालेल्या चोखोबांच्या अस्थी त्यांनी पंढरपुरास आणल्या, असे परंपरा मानते. मात्र चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली. भक्तीने दिलेला सन्मान आणि समाजाने राखलेले अंतर तेथे शेजारी शेजारी दिसतात.

निष्कर्ष :
टिळकांनी पाळकाला मराठी वाणी दिली व स्वावलंबनाची दिशा दाखविली. मात्र ती वाणी उंबरठ्याबाहेरच्या माणसाचे दुःख बोलेल तेव्हाच ती खऱ्या अर्थाने पाळकीय ठरेल. सेमिनरीतील शिक्षणाची परीक्षा वर्गात होत असली, तरी तिचा निकाल वस्तीत लागतो.