फिर्याद ऐकणार कोण?

आंतरराष्ट्रीय संस्थांचा कारभार लोकशाहीच्या तत्त्वानें चालावा, अशी मागणी आज सर्वत्र ऐकूं येते. ती करणारांची दृष्टि बहुधा मतांकडे असते: कोणत्या राष्ट्राला किती मतें, नकाराधिकार कोणाला, प्रतिनिधि कोणीं निवडावे. हे प्रश्न महत्त्वाचे खरेच. परंतु आमच्या मतें त्यांच्याहि आधीं एक प्रश्न येतो. अशा संस्थेच्या कारभाराची झळ ज्या सामान्य माणसाला लागते, त्याचें गाऱ्हाणें ती स्वतःच्या कानांनीं ऐकते कीं नाहीं? पॅसिफिक महासागरांतील पश्चिम सामोआ बेटांचा इतिहास या बाबतींत फार बोधप्रद आहे.

१९१४ सालीं न्यूझीलंडनें तीं बेटें जर्मनीकडून घेतलीं, आणि महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या घटनेंतील बाविसाव्या कलमान्वयें तीं त्याच्याच स्वाधीन राहिलीं. मात्र मालकीनें नव्हे, पवित्र ठेव म्हणून. ही ठेव नीट सांभाळली जाते कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं जिनीव्हा येथें एक स्थायी आयोग नेमण्यांत आला. तेथील प्रजेला तक्रारीचें कारण आधींच घडलें होतें. नोव्हेंबर १९१८ मध्यें ऑकलंडहून आलेलें एक जहाज क्वारंटाइन न करतां बंदरांत घेण्यांत आलें, आणि त्याबरोबर आलेल्या इन्फ्लुएंझाच्या सांथीनें सुमारें एक पंचमांश लोक मृत्युमुखीं पडले. शेजारच्या अमेरिकन सामोआनें बंदर बंद ठेवलें होतें. तेथें या सांथीनें एकहि माणूस दगावला नाहीं.

पण तक्रार करावयाची कोठें? १९२३ सालीं राष्ट्रसंघाच्या कौन्सिलनें अर्जाचे नियम ठरविले. त्यांप्रमाणें प्रजेनें आपला अर्ज, ज्या सरकाराविरुद्ध तक्रार त्याच सरकारच्या हातीं द्यावयाचा, आणि त्यानें स्वतःचा अभिप्राय जोडून तो जिनीव्हास पाठवावयाचा! अर्जदारांचें म्हणणें समक्ष ऐकावें कीं काय, असें आयोगानें १९२६ सालीं विचारलें; सत्ताधारी राष्ट्रांनीं विरोध केला आणि कौन्सिलनें १९२७ सालीं नकार दिला. त्याच सुमारास सामोआंत ‘माऊ’ नांवाची निःशस्त्र चळवळ उभी राहिली. तिचे एक पुढारी ओलाफ नेल्सन यांना सरकारनें हद्दपार केलें. १९२८ सालीं ते थेट जिनीव्हास गेले. सरकारचा प्रतिनिधि आयोगापुढें बसून उत्तरें देत होता. नेल्सन यांना मात्र दाराबाहेरच राहावें लागलें. आयोगानें सरकारची बाजू उचलून धरली. पुढें २८ डिसेंबर १९२९ रोजीं आपिया येथें पोलिसांनीं माऊच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. तींत तामासेसे हे थोर पुढारी व दुसरे कित्येक लोक प्राणांस मुकले.

१९४५ सालच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेंत ही उणीव अंशतः भरून निघाली. तिच्या सत्त्याऐंशीव्या कलमानें अर्ज घेण्याचा व जागेवर जाऊन पाहणी करण्याचा अधिकार विश्वस्त मंडळाला दिला. सामोआच्या पुढाऱ्यांनीं १९४६ सालीं स्वराज्याचा अर्ज केला आणि १९४७ सालीं मंडळाचें शिष्टमंडळ स्वतः आपियास उतरलें. त्याच वर्षीं कायदा बदलून तेथें विधानसभा स्थापण्यांत आली. १९६१ सालीं लोकमत घेण्यांत आलें आणि १ जानेवारी १९६२ रोजीं सामोआ स्वतंत्र झाला. नेल्सन १९४४ सालींच वारले होते. याचें सारें श्रेय एका कलमास देणें इतिहासाला धरून होणार नाहीं. न्यूझीलंडमध्यें १९३५ सालीं झालेलें सत्तांतर आणि युद्धानें पालटलेलें जग यांचाहि त्यांत वाटा आहे. तथापि, प्रतिवादीच्या हातून आलेला कागद वाचणें आणि फिर्यादीच्या अंगणांत जाऊन बसणें, यांतील अंतर येथें स्पष्ट दिसतें.

ही गोष्ट दूरच्या बेटांची म्हणून आपण सोडून देऊं नये. नर्मदेवरील सरदार सरोवरासाठीं जागतिक बँकेनें १९८५ सालीं ४५ कोटी डॉलर मंजूर केले. करार झाला तो सरकारांशीं. पाणी शिरणार होतें तें मणिबेलीसारख्या, सातपुड्यांतील आदिवासी गांवांत. लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर बँकेला १९९१ सालीं स्वतंत्र समिति नेमावी लागली. तिनें १९९२ सालीं पुनर्वसनाविषयीं प्रतिकूल अहवाल दिला. १९९३ सालीं भारत सरकारनें उरलेलें कर्ज नाकारलें आणि त्याच वर्षीं बँकेनें तपासणी पॅनेल स्थापिलें. तेव्हांपासून बाधित लोकांना त्याच्याकडे थेट तक्रार करतां येते. परंतु पॅनेल तपास करूं शकतें, हुकूम देऊं शकत नाहीं. निर्णय संचालक मंडळाचा, आणि त्या मंडळांत मतांचें वजन मुख्यतः भांडवलाच्या वांट्यावर ठरतें. धरण तर पुढें पुरें झालेंच.

तात्पर्य, सत्तर वर्षांत फिर्यादी दाराबाहेरून आंत आला. निवाड्याच्या वेळीं मात्र त्याला अद्यापि बाहेर जावें लागतें. ज्यांना जागतिक संस्था लोकाभिमुख करावयाच्या आहेत, त्यांनीं मतांची वाटणी अवश्य तपासावी. पण त्याबरोबर असाहि नियम मागावा कीं, तपास करणाऱ्याचा निष्कर्ष नाकारावयाचा असल्यास संस्थेनें त्याचीं कारणें तक्रारदाराला, त्याच्या भाषेंत, जाहीरपणें दिलीं पाहिजेत. कारण देण्याची सक्ति नसलेली सत्ता कितीहि सौम्य असली, तरी ती लोकांची म्हणतां येणार नाहीं.