लेबलावर बीफ, आत घोडा

आजचा विषय लढाईचा नाही, रसदेचा आहे. सैन्य पोटावर चालतं, हे आपण या मालिकेत अनेकदा बोललो. आज बोलायचं ते त्या पोटात जाणाऱ्या डब्याबद्दल, आणि डब्यावरच्या लेबलावर आपण ठेवतो त्या विश्वासाबद्दल.

सुरुवात माझ्या एका जुन्या आठवणीपासून करतो. मी तेव्हा कॅप्टन होतो आणि आमची कंपनी उंचावरच्या ठाण्यांवर होती. रस्ता संपला की पुढे खेचरं, आणि खेचरांच्या मागे बकरे. फौजेच्या भाषेत याला 'मीट ऑन हूफ' म्हणतात, म्हणजे स्वतःच्या पायांनी चालत येणारं मटण. जवान तो बकरा जिवंत बघायचे, कोण कापतोय तेही बघायचे. त्या मटणाबद्दल कधी कुणी प्रश्न विचारला नाही.

बर्फाने वाट बंद झाली आणि डबाबंद मटण उघडायची वेळ आली. लंगरमध्ये सातारकडचा एक जवान ताट हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, ह्यात मोठ्याचं न्हाई ना?"

मी डबा फिरवून त्याला लेबल दाखवलं. तो लेबलाकडे बघेनाच, माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "अरे, मटणच आहे. खा." तो म्हणाला, "तुम्ही म्हणताय म्हंजे खातो, साहेब." आणि जेवला.

त्या डब्यात मटणच होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण मला ते ठाऊक कसं होतं? मीही लेबलच वाचलं होतं. तो माझ्या भरवशावर जेवला आणि मी कागदाच्या भरवशावर बोललो. त्या कागदामागे कोण उभं असतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

गोल्डनरचे डबे

डबाबंद मांसाचा इतिहास आरमारं आणि पलटणी यांच्याशी बांधलेला आहे. लांबच्या मोहिमेत खारवलेलं मांस खाऊन माणसं कंटाळायची, आजारी पडायची. डबा हे त्यावरचं उत्तर होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ब्रिटिश आरमाराला डबे पुरवणारा एक मोठा ठेकेदार होता, स्टीफन गोल्डनर. १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन १२९ माणसं आणि दोन जहाजं घेऊन उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात गेला आणि त्यातला एकही परत आला नाही. त्या मोहिमेला डबे दिले होते ते याच गोल्डनरने. मोहीम बुडण्याची कारणं अनेक सांगितली जातात, सगळा दोष डब्यांवर टाकणं बरोबर नाही. पण या ठेकेदाराचं पुढे काय झालं, ते आपल्या कामाचं आहे.

स्वस्त गुरं आणि स्वस्त मजुरी मिळते म्हणून गोल्डनरने कारखाना काढला होता मोल्डाव्हियात, डॅन्यूब नदीवरच्या गालात्स बंदरात. हे शहर आज रोमानियात आहे. लंडनमध्ये बसून सर्वात कमी दराची निविदा मंजूर करणारा अधिकारी गालात्सला काय शिजतंय ते बघणार कसा? १८५२ च्या सुरुवातीला पोर्ट्समथजवळच्या आरमारी कोठारात डबे फोडून तपासले, तेव्हा बहुतेक डबे सडके निघाले. नुसते सडके नाहीत, तर मांसाच्या नावाखाली आत भलतेच टाकाऊ अवयव भरलेले. लंडनची वर्तमानपत्रं उसळली, पार्लमेंटने चौकशी समिती नेमली.

ही तपासणी झाली कशी, ते महत्त्वाचं आहे. लेबलं कुणी वाचत बसलं नाही. डबे फोडले.

डब्लिनचे २७ बर्गर

आता १६१ वर्षं पुढे येऊ. १५ जानेवारी २०१३. आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एक निकाल जाहीर केला. त्यांनी दुकानांतून गोठवलेले २७ बीफ बर्गर विकत आणून त्यांची डीएनए तपासणी करवली होती. २७ पैकी १० मध्ये घोड्याचा अंश सापडला, २३ मध्ये डुकराचा. बहुतेकांत प्रमाण अगदी किरकोळ होतं, पण टेस्को या बड्या दुकानसाखळीच्या एका स्वस्त बर्गरमध्ये मांसाच्या २९ टक्के घोडा होता.

युरोपात घोड्याचं मांस खाणं बेकायदा नाही. फ्रान्स, इटली, बेल्जियम इथे ते उघडपणे विकलं जातं. ब्रिटिश आणि आयरिश माणसाला मात्र घोडा म्हणजे घरचं जनावर, शर्यतीचा आणि पलटणीचा सोबती. त्याला ते खाववत नाही. म्हणजे प्रश्न विषबाधेचा नव्हताच. 'मला न विचारता माझ्या ताटात काय घातलंत?' असा तो होता. हा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

तीन आठवड्यांनी दुसरा स्फोट झाला. फिंडस कंपनीच्या बीफ लझान्याचे नमुने तपासले. लझान्या म्हणजे मैद्याच्या पट्ट्यांमध्ये खिम्याचे थर घालून भाजलेला पदार्थ. १८ पैकी ११ नमुन्यांत घोड्याचं मांस ६० ते १०० टक्के निघालं. १०० टक्के म्हणजे त्या 'बीफ' लझान्यात बीफ नावालाही नव्हतं.

मग माग काढायला सुरुवात झाली. फौजेत दारूगोळ्याची एखादी पेटी हरवली की आपण व्हाउचरमागे व्हाउचर तपासत मागे जातो, तसंच. ब्रिटनमधल्या दुकानात विकणारी कंपनी फिंडस. तिला माल करून देणारी फ्रान्सच्या मेत्स शहरातली कोमिजेल. कोमिजेलचा कारखाना लक्झेंबर्गमध्ये. त्या कारखान्याला मांस दिलं दक्षिण फ्रान्सच्या कास्तेलनोदारी गावातल्या स्पांगेरो कंपनीने. फ्रेंच फॉरेन लीजनचे रंगरूट तयार होतात, ते हेच गाव. स्पांगेरोने मांस घेतलं एका डच दलालाकडून. त्याची कंपनी सायप्रसमध्ये नोंदलेली, मालाचं शीतगृह नेदरलँड्सच्या ब्रेडा शहरात. आणि जनावरं कापली गेली कुठे? रोमानियात.

साखळी रोमानियापर्यंत पोचताच पश्चिम युरोपाने सुटकेचा श्वास टाकला. पूर्वेकडचे गरीब देश, तेच लबाड असणार! रोमानिया संतापला, आणि त्याचा संताप खरा ठरला. तिथल्या कत्तलखान्यांनी घोडा घोडा म्हणूनच विकला होता, कागदांवर तसंच लिहिलं होतं. घोड्याचं बीफ झालं ते वाटेत, पश्चिमेत, टेबलावरच्या कागदात. फ्रेंच मंत्र्यांनी जाहीर केलं की सहा महिन्यांत असं सुमारे ७५० टन मांस फिरलं आणि त्यातून झालेले ४५ लाख पदार्थ १३ देशांत गेले.

त्या डच दलालाच्या कंपनीचं नाव होतं 'ड्राप'. डच भाषेत घोड्याला 'पार्ड' म्हणतात. पार्डची रोमन अक्षरं उलटी वाचली की ड्राप होतं. हा माणूस घोड्याचं मांस हलाल बीफ म्हणून विकल्याबद्दल २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये एकदा दोषी ठरलेलाही होता. कंपनीच्या नावातच घोडा उलटा बांधलेला, आणि एवढ्या मोठ्या बाजारात कुणी विचारलं नाही.

कुणी तपासलं का नाही?

कारण घोडा शोधावा असं कुणाच्या मनातच नव्हतं. प्रयोगशाळा जंतू शोधत होत्या, औषधांचे अंश शोधत होत्या. जे शोधत नाही ते सापडत नाही. फौजेत टेहळणी करणाऱ्यालाही आपण हेच शिकवतो.

दुसरं कारण किंमत. दुकानं पुरवठादाराला भाव पाडायला लावत होती आणि घोड्याचं मांस बीफपेक्षा बरंच स्वस्त होतं. गोल्डनरच्या काळातही सर्वात कमी दरानेच घात केला होता.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. मांसाचा खिमा झाला की त्याची ओळख जाते. खांद्याचा तुकडा, बरगडी, मांडी बघून खाटीक जनावर सांगेल. खिमा, मसाला, गोठवण आणि खोका एवढं झाल्यावर तोही सांगू शकत नाही. तिथे डोळ्यांचं काम कागद करू लागतो. आणि कागद जितक्या हातांतून जातो तितक्या ठिकाणी तो बदलता येतो.

तब्येतीला धोका किती होता? शर्यतीच्या घोड्यांना दुखण्यावर फिनाइलब्युटाझोन नावाचं औषध देतात. ते दिलेलं जनावर माणसाच्या खाण्यात येता कामा नये असा नियम आहे. युरोपभर त्याच्या ३,११५ तपासण्या झाल्या, त्यात १६ नमुने दोषी निघाले. घोड्याच्या डीएनएसाठी ४,१४४ नमुने तपासले, त्यात १९३ सापडले. धोका फार नव्हता, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण लोक तेवढ्याने शांत झाले नाहीत, कारण त्यांची तक्रार फसवणुकीची होती.

आणखी एक गोष्ट. सगळे मथळे घोड्याचे होते. २७ पैकी २३ बर्गरमध्ये डुकराचा अंश होता, त्यावर फार कमी लिहिलं गेलं. त्याच फेब्रुवारीत ब्रिटनच्या तुरुंगांत हलाल म्हणून दिलेल्या पदार्थांतही डुकराचा डीएनए सापडला. कैद्याला दुसरं दुकान निवडता येत नाही. वाढणाऱ्यावर विश्वास ठेवणं एवढंच त्याच्या हातात असतं, माझ्या त्या जवानासारखं.

शेवटी काय झालं? ब्रिटिश सरकारने बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले प्राध्यापक क्रिस एलियट यांना चौकशीला बसवलं. २०१४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि अन्नातल्या गुन्ह्यांसाठी वेगळं पथक उभं राहिलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने त्या डच दलालाला दोन वर्षांची कैद सुनावली, स्पांगेरोचा एक माजी संचालकही दोषी ठरला. कोर्टाला सहा वर्षं लागली.

आपल्याकडे

हे सगळं साहेबाच्या देशातलं, आपल्याला काय, असं म्हणू नका. ताटातल्या आणि तोंडातल्या वस्तूवरून विश्वास तुटला की काय होतं, ते या देशाइतकं कुणी पाहिलेलं नाही. १८५७ च्या जानेवारीत डमडमला एनफिल्डच्या काडतुसांबद्दल कुजबुज सुरू झाली. चरबी कशाची, याची खात्री देणारी नोंद कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे नव्हती. नंतर 'तुमचंच वंगण लावा' अशी परवानगी निघाली, पण तोवर शिपायाने साहेबाच्या शब्दावरचा भरवसा काढून घेतला होता. उठावाची कारणं पुष्कळ होती, पण 'तुम्ही म्हणताय म्हंजे खातो' हे वाक्य त्या वर्षी कुणी म्हणालं नाही.

अलीकडचं बघा. २००१ मध्ये उघड झालं की मॅकडोनल्ड्सच्या अमेरिकेतल्या बटाट्याच्या फ्राइजमध्ये चवीसाठी बीफचा अंश असतो. वनस्पती तेलात तळतो, ही घोषणा मात्र १९९० मध्येच झाली होती. तिथल्या हिंदूंनी आणि इतर शाकाहारी लोकांनी खटला भरला. कंपनीने माफी मागितली आणि १ कोटी डॉलरची तडजोड झाली. इथे ठाण्यात मात्र दुकानाची मोडतोड झाली, भारतातल्या फ्राइजमध्ये तो घटक नाही असं कंपनी सांगत असताना. एका ठिकाणी शंका कोर्टात गेली, दुसऱ्या ठिकाणी रस्त्यावर. उत्तर कुठे मिळालं, ते तुम्हीच बघा.

एप्रिल २०१८ मध्ये कोलकात्याजवळच्या बजबज इथे मेलेल्या जनावरांचं मांस कचराडेपोतून उचलून, गोठवून बाजारात आणणारी टोळी पकडली गेली. कोलकात्यासारख्या खवय्यांच्या शहरात काही आठवडे लोकांनी हॉटेलात मटण मागवायचं बंद केलं. प्रामाणिक हॉटेलवालेही त्यात होरपळले. विश्वास उडतो तेव्हा तो चोराचा आणि सावाचा एकदमच उडतो.

आपल्याकडे पाकिटावर हिरवी आणि तपकिरी खूण सक्तीची आहे, २०००-०१ पासून. नंतर मांसाहारी खुणेचा गोल जाऊन त्रिकोण आला, रंग न ओळखणाऱ्यांच्या सोयीसाठी. खूण चांगलीच आहे. पण ती सांगते फक्त मांस आहे की नाही. कोणत्या जनावराचं, हे सांगायला तपासणीच लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत डीएनएवरून जनावर ओळखण्याची सोय आहे. गरज आहे ती अशा तपासण्या गुन्हा घडल्यावर न करता, आधी, न सांगता, नेहमी करण्याची. डब्लिनवाल्यांनी तेच केलं. कुणाची तक्रार आली नव्हती, त्यांनी सहज डबे फोडले.

आपण काय करायचं? शक्य तिथे मांस अख्ख्या तुकड्यात घ्या, खिमा समोर करून घ्या. पाकिटाचं बिल ठेवा. भाव अगदीच कमी असेल तर विचारा, का कमी? शंका आली तर अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. आणि शेजारचा दुकानदार दुसऱ्या जातीधर्माचा आहे, एवढ्यावरून त्याच्या मांसावर शंका घेऊ नका. युरोपने रोमानियाबद्दल तीच चूक केली होती.

त्या जवानाला मी आज भेटलो तर एवढंच सांगेन, की तू विचारलंस ते बरोबर होतं, आणि मी उत्तर देण्याआधी सप्लाय डेपोला विचारायला हवं होतं की डब्यांचा हा लॉट कुणी फोडून पाहिला. दोन ओळींचा सिग्नल पुरला असता.

आज इथे थांबू. जय हिंद.