पडशी, गोण आणि भिशी : परभणी जिल्ह्यातील पायी वाटचालीच्या ओझ्याचा इतिहास

पायी लांबचा पल्ला गाठणाऱ्याने बरोबर काय घ्यावे, ते कशात बांधावे आणि त्यातले किती स्वतःच्या अंगावर वागवावे, हा प्रश्न गिर्यारोहणाच्या आधुनिक छंदाच्या कितीतरी आधीपासून मराठवाड्यात सोडवला जात आला आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला परभणी जिल्हा त्याच्या अभ्यासाला विशेष सोयीचा आहे, कारण उत्तरेस जिंतूरकडचे अजिंठ्याच्या रांगेचे डोंगर आणि दक्षिणेस गंगाखेडकडचे बालाघाटचे डोंगर यांच्यामधल्या काळ्या जमिनीवरून वारकरी, महानुभाव भिक्षू, दिगंबर जैन मुनी, लमाणांचे तांडे आणि निजामी अमलातले दौऱ्यावरचे अधिकारी असे फार वेगवेगळ्या रीतीने ओझे वाहणारे लोक गेले आहेत. जिल्ह्याची आजची सीमा या इतिहासाला अपुरी पडते. नर्सी नामदेव आणि औंढा नागनाथ ही क्षेत्रे 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीतच मोडत होती, आणि वाटसरूंच्या दृष्टीने तो सगळा एकच प्रदेश होता. या सर्व प्रकारांची तुलना केली असता एक गोष्ट ठळकपणे दिसते, ती अशी की वाटसरूच्या पाठीवरचे ओझे केवळ पिशवीच्या कापडावर किंवा बांधणीवर कधीच अवलंबून नव्हते. वाटेवरचा समाज त्याच्यासाठी काय राखून ठेवतो आणि त्याचे उरलेले ओझे कोणाच्या डोक्यावर जाते, यावर ते ठरत असे.

सर्वांत कमी ओझ्याचे उदाहरण जिंतूरजवळच्या नेमगिरी या दिगंबर जैन अतिशय क्षेत्राच्या संदर्भात देता येते. अशा क्षेत्रांच्या दर्शनाला पायी विहार करणाऱ्या दिगंबर मुनींजवळ तीनच उपकरणे असतात : बसण्या-उठण्याच्या जागेवरील सूक्ष्म जीवांना इजा न होता ते बाजूला करता यावेत म्हणून मोरपिसांची पिच्छी, शुद्धीच्या पाण्यासाठी कमंडलू आणि स्वाध्यायासाठी शास्त्रग्रंथ. वस्त्र नाही, अंथरूण नाही आणि भांडेही नाही, कारण मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. अपरिग्रहाचे, म्हणजे काहीही जवळ न बाळगण्याचे, हे महाव्रत आहे हे खरेच. परंतु ते पाळले जाऊ शकते ते वाटेवरचे श्रावक आहाराची आणि मुक्कामाची व्यवस्था करतात म्हणून. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोदावरीच्या परिसरात रुजलेल्या महानुभाव पंथानेही अटन, म्हणजे एका ठिकाणी न राहता सतत फिरत राहणे, आणि भिक्षा ही एकमेकांना जोडलेली व्रते मानली. महानुभाव भिक्षूच्या झोळीत घरोघरचे शिजलेले अन्न एकत्र येते, त्यामुळे पीठ, भांडी आणि सरपण हा वाटसरूच्या ओझ्यातला जड भाग मुळातच गळून पडतो.

वारकऱ्याची स्थिती याहून वेगळी होती, कारण तो संन्यासी नसून संसारी शेतकरी किंवा शेतमजूर होता, पेरणी उरकून निघत होता आणि आषाढीनंतर परत शेतावर येणार होता. त्याला अन्न, अंथरूण आणि पावसापासून आडोसा ही तिन्ही बरोबर घेणे भाग होते. यासाठी जे साधन रूढ झाले ते पडशी. जाड सुती कापडाची लांबट पिशवी, तिची दोन्ही टोके शिवून बंद केलेली आणि मधोमध उभी चीर ठेवलेली. ती खांद्यावर टाकली की एक कप्पा छातीकडे आणि दुसरा पाठीकडे येतो आणि दोन्हींतले वजन एकमेकांना तोलून धरते. एका कप्प्यात शिदोरी, म्हणजे वाटेचे अन्न, असे : दुधात पीठ मळून केलेल्या, त्यामुळे काही दिवस टिकणाऱ्या दशम्या, धपाटे, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी आणि थोडे पीठ. दुसऱ्या कप्प्यात धोतर किंवा लुगडे, अभंगांची वही आणि बुक्क्याची डबी. तांब्या दोरीने बाहेर लटकत असे, आणि हात टाळांसाठी मोकळे राहत. हे शेवटचे कारण दुय्यम समजू नये. वारी म्हणजे चालता चालता केलेले भजन आहे, म्हणून ज्या पिशवीला हात गुंतवावा लागतो ती वारकऱ्याच्या उपयोगाची नव्हती.

पडशीच्या रचनेमागे अनुभवाचे शहाणपण होते हे पुढे प्रयोगानेही दिसून आले. दत्ता आणि रामनाथन या भारतीय संशोधकांनी 1971 मध्ये ‘अर्गॉनॉमिक्स’ या नियतकालिकात ओझे वाहण्याच्या सात पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. सपाट जमिनीवर तेवढेच वजन वाहताना शरीराची शक्ती कोणत्या पद्धतीत किती खर्च होते हे मोजले असता, पुढे आणि मागे विभागलेले ओझे सर्वांत कमी श्रमाचे ठरले, डोक्यावरचे ओझे त्याखालोखाल आले, पाठीवरची सॅक त्यानंतर आणि हातात धरून नेलेले ओझे सर्वांत शेवटी. या प्रयोगात पडशी नव्हती आणि पडशीत मावणारे वजनही त्या मानाने थोडेच असे, तरी तत्त्व तेच आहे : भार शरीराच्या मध्यरेषेच्या जितका जवळ आणि जितका समतोल, तितका कणा सरळ राहतो आणि चाल टिकते. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन पंढरपूरपर्यंत ताठ चालणाऱ्या स्त्रियांच्या चालीचा उलगडाही या निष्कर्षातून होतो.

पडशीत न मावणारी वस्तू म्हणजे अंथरूण-पांघरूण, आणि पायी चालणाऱ्याच्या ओझ्यातला सर्वांत अवघड प्रश्न सर्वत्र हाच राहिला आहे. धनगरांनी दख्खनी मेंढीच्या लोकरीची विणलेली घोंगडी या कामी बहुगुणी होती. विणण्यापूर्वी तिच्या सुताला चिंचोक्याची खळ लावत, त्यामुळे ती ताठ आणि टिकाऊ होई. रात्री अंथरायला, थंडीत पांघरायला आणि पावसात एका कोपऱ्यात दुमडून डोक्यावरून खोळ करून घ्यायला ती एकच पुरत असे, आणि भिजल्यावरही लोकर ऊब सोडत नाही. मात्र भिजलेली घोंगडी फार जड होते, आणि मृगाच्या पावसानंतर परभणीची काळी माती पायाला चिकटू लागली की हे वाढलेले वजन चालणाऱ्याला चांगलेच जाणवते. ज्यांना घोंगडी परवडत नसे ते जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवून केलेली वाकळ घेत. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. विठ्ठल आपला शेला विसरून जनीची वाकळ पांघरून गेला अशी कथा परंपरेने जपली आहे, आणि त्याच परंपरेत तो तिच्यासाठी दळण दळतो, पाणी भरतो, शेण्या वेचतो. दुसऱ्याच्या घरचे ओझे जन्मभर वाहणाऱ्या दासीचे ओझे देवाने उचलावे, ही कल्पना ज्या समाजाने उराशी धरली, त्याला ओझे म्हणजे काय हे नीट ठाऊक होते.

माणसाच्या खांद्यावर मावत नाही ते जनावराच्या पाठीवर घालण्याची व्यवस्था लमाणांच्या, म्हणजे बंजारांच्या, हाती होती, आणि जिंतूर व गंगाखेड भागांत आज स्थिरावलेले तांडे त्या फिरत्या व्यापाराचे वारस आहेत. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना समतोल लोंबणारी गोण, म्हणजे जाड विणीची दुहेरी थैली, हे त्यांचे मुख्य साधन. तिच्यात धान्य किंवा मीठ भरलेले असे. रचनेचे तत्त्व पाहिले तर गोण ही बैलाची पडशीच होय. सतराव्या शतकात ताव्हेर्निए या फ्रेंच प्रवाशाने धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ यांपैकी एकेकच वस्तू वाहणारे बंजारांचे चार गट वर्णिले आहेत, आणि पीटर मंडी या इंग्रजाला 1632 मध्ये उत्तर हिंदुस्थानात 14,000 बैलांचा एकच तांडा भेटला होता. दख्खनमधल्या मोहिमांत मोगलांच्या आणि पुढे इतरांच्या फौजाही याच तांड्यांच्या धान्यावर जगल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड ते हैदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग परभणीवरून सुरू झाला आणि या व्यापाराचा उरलासुरला आधारही गेला. रेल्वेने आणखी एक गोष्ट खेड्यापाड्यांत पोहोचवली, ती तागाचे पोते. माल उतरवून रिकामे झालेले पोते गरिबाच्या घरी अंथरूण झाले, पावसात डोक्यावरची खोळ झाले आणि वारीच्या वाटेवर गाठोड्याचे आवरण झाले.

या इतिहासाचा एक भाग मात्र दुःखद आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हैदराबाद संस्थानात दौऱ्यावर निघालेला अधिकारी स्वतः हलका असे, कारण त्याचे तंबू, वळकट्या, पेटारे आणि भांडी गावचे लोक वाहत. या विनामोबदला सक्तीच्या कामाला वेठबिगार म्हणत. तिचा सर्वांत मोठा भार महार आणि इतर दलित समाजांवर पडे, कारण गावकीच्या कामांत सरकारी माणसाचे सामान पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवणे त्यांचे कर्तव्य ठरवले गेले होते. शिवेवर ओझे उतरे आणि पुढच्या गावच्या तशाच माणसाच्या डोक्यावर चढे. अशा साखळीने अधिकारी जिल्हाभर फिरे आणि सामान वाहणाऱ्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडे, मग तो पेरणीचा दिवस का असेना. वारकऱ्याला वाटेत भाकरी देणारे गाव आणि अधिकाऱ्याची वळकटी उचलणारे गाव एकच होते. पहिले काम श्रद्धेने होत असे, दुसरे दंडाच्या आणि माराच्या भीतीने. संस्थानातील लोकचळवळींनी वेठबिगारीविरुद्ध सातत्याने आवाज उठवला. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतात विलीन झाले, आणि 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 23 व्या अनुच्छेदाने बिगार नाव घेऊन निषिद्ध ठरवली. प्रवासाच्या सामानाच्या इतिहासात या अनुच्छेदाइतकी महत्त्वाची घटना दुसरी नाही.

पाश्चात्त्य देशांत याच सुमारास पाठपिशवीचे स्वरूप पालटत होते. अमेरिकेत डिक केल्टी यांनी 1952 पासून ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या पाठपिशव्या विकण्यास सुरुवात केली. त्यांतल्या कमरपट्ट्यामुळे खांद्यावरचा भार नितंबाच्या हाडांवर उतरला, आणि माणूस पूर्वीपेक्षा अधिक वजन सहज नेऊ लागला. त्याचा परिणाम असा झाला की तो अधिक वजन घेऊही लागला. या प्रवाहाच्या उलट दिशेला 1955 मध्ये एमा गेटवुड ही 67 वर्षांची ग्रामीण स्त्री ॲपलेशियन ट्रेल ही तीन हजारांहून अधिक किलोमीटरची डोंगरवाट एकटीने चालून गेली. एका खांद्यावर टाकलेली घरी शिवलेली जाड कापडाची पिशवी, एक कांबळे, रेनकोट, पावसासाठी प्लॅस्टिकचा एक पडदा आणि पायांत कापडी बूट, एवढ्यावर तिने ती पार केली. कमीत कमी वजनाच्या पदभ्रमणाचा शास्त्रशुद्ध पुरस्कार रे जार्डिन यांच्या 1992 च्या पुस्तकाने पुढे केला आणि त्यातून हलक्या पिशव्यांचा मोठा बाजार उभा राहिला. गेटवुडबाईंचे सामान परभणीच्या कोणत्याही वारकरी स्त्रीला ओळखीचे वाटले असते, आणि वाटेवरच्या अनोळखी घरांनी त्यांना दिलेले जेवण व आसरा तर त्याहूनही ओळखीचा.

परभणीच्या वाटेवर खरा बदल घडला तो वाहनामुळे. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाची पायी पालखी 1968 पासून दरवर्षी परभणी, दैठणा आणि गंगाखेड या मार्गाने पंढरपूरला जाते. तिच्याबरोबरची वाहने सामान आणि स्वयंपाकाचे साहित्य वाहतात, आणि पांढऱ्या वेषातले वारकरी टाळ व पताका घेऊन शिस्तीने चालतात. इतर दिंड्यांनीही, म्हणजे वीणेकऱ्याच्या मागे एकत्र चालणाऱ्या वारकऱ्यांच्या गटांनीही, बैलगाडीच्या जागी ट्रक आणला. दिंडीत जेवणासाठी आणि सामानाच्या सोयीसाठी जी वर्गणी भरावी लागते तिला भिशी म्हणतात. भिशी भरलेल्याचे अंथरूण आणि कपडे ट्रकात जातात, संध्याकाळी मुक्कामावर ढिगातून आपले ओळखता यावे म्हणून पिशवीवर रंगाने नाव लिहिलेले असते, आणि दिवसभर अंगावर राहते ती पाण्याची बाटली, मेणकापड आणि भजनी मालिका मावेल एवढी लहान सॅक. पडशी या व्यवस्थेत मागे पडली, कारण तिने सोडवलेला प्रश्न ट्रकाने काढून घेतला. आणि केल्टींच्या पिशवीने जे केले तेच ट्रकानेही केले, म्हणजे एकूण सामान वाढवले.

तथापि आषाढीच्या वाटेवर चालणारे सगळेच दिंडीत नसतात. भिशी भरण्याची ऐपत नसलेले, कोणत्याही दिंडीत नाव नसलेले लोक पालखीच्या मागेपुढे चालतात. त्यांना मोकळा समाज म्हटले जाते, आणि मराठवाड्यातल्या शेतमजूर स्त्रिया त्यात मोठ्या संख्येने असतात. त्यांचे गाठोडे आजही त्यांच्याच डोक्यावर असते. वाकळीची जागा पातळ चादरीने आणि घोंगडीची जागा खताच्या रिकाम्या पोत्यांच्या शिवलेल्या ताडपत्रीने घेतली असली, तरी काय घ्यायचे आणि काय घरी ठेवायचे याचा हिशोब त्या जुन्याच रीतीने करतात. सकाळचा चहा कोणत्या गावच्या वेशीत मिळेल, दुपारची पंगत कोणत्या मळ्यात बसेल, कोणत्या शाळेच्या ओसरीवर रात्र काढता येईल, हे मागच्या वर्षीच्या वारीतून त्यांना ठाऊक असते, आणि त्या माहितीच्या आधारावर पीठ, तवा आणि सरपण त्या घरी ठेवून निघतात.