परवाना हातात, अनुभव उधार

आपल्याकडे लांब पल्ल्याच्या ट्रकवर माणूस आधी चढतो, परवाना मागाहून येतो. कळंबोलीत किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात पन्नाशीतल्या ड्रायव्हरला विचारलं, तर बहुधा तो क्लीनर म्हणून लागलेला निघतो. टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोकून हवा बघायची, घाटात गाडी थांबली की चाकामागे दगड लावायचा, उस्ताद जेवायला उतरला की मालावर नजर ठेवायची. मग कधीतरी रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्तादाच्या मर्जीने तासभर स्टिअरिंग. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात वयाच्या आणि आधीच्या परवान्याच्या अटी आहेत, पण धंद्याचं खरं दार आरटीओत नव्हतं, उस्तादाच्या हातात होतं. पद्धत धोक्याची होती, पिळवणुकीचीही होती. फायदा एवढाच की परवाना मिळेपर्यंत पोराला रस्ता ठाऊक झालेला असे.

अमेरिकेत हा क्रम उलटा आहे. तिथे आधी शाळा, मग परवाना, आणि अनुभव शेवटी. तो कुणी द्यायचा याचं उत्तर कायद्याने दिलेलं नाही. परवाना आणि अनुभव यांच्यात जी फट राहते, तिच्यातच नवशिक्याची पहिली नोकरी उभी आहे. या नोकरीला मजुरीचा साधा व्यवहार समजलं की तिच्यातलं बरंचसं अन्यायाचं किंवा वेडगळ वाटतं. माणूस इथे वर्षभराचा अनुभव विकत घेतो आणि किंमत श्रमाने चुकती करतो, असं धरलं तर तिची रचना उलगडते. अन्याय त्याने नाहीसा होत नाही, तो नेमका कुठे आहे ते मात्र दिसतं.

1986 पर्यंत अमेरिकेतल्या अनेक राज्यांत साध्या मोटारीच्या परवान्यावर अठरा चाकी ट्रेलर हाकता येत असे. त्या वर्षीच्या केंद्रीय कायद्याने व्यावसायिक परवाना, म्हणजे सीडीएल, आणला. 7 फेब्रुवारी 2022 पासून नोंदणीकृत संस्थेत प्रशिक्षण घेणंही सक्तीचं झालं. पण या नियमात एक मोठी मोकळीक आहे: किमान किती तास गाडी चालवली पाहिजे याचा आकडाच नाही. अभ्यासक्रम ठरलेला, लेखी चाचणीत 80 टक्के गुण हवेत, रस्त्यावरची कसोटी मात्र शिक्षकाच्या समाधानावर. त्यामुळे शाळा काही आठवड्यांत आटपते. गाडी सुटण्याआधीची तपासणी पाठ होते, खुंट्यांमधून ट्रेलर मागे घेता येतो, परीक्षकाला शेजारी बसवून शहरात फेरी मारता येते. 80,000 पौंड, म्हणजे सुमारे 36 टन वजन घेऊन बर्फात डोंगर उतरणं, किंवा पहाटे तीनला अनोळखी गोदामाच्या अंधाऱ्या फाटकातून वळणं, शाळेत कुठून येणार?

ही फट कुणाला खुपते? परवाना दिला की सरकारचं काम संपतं. खुपते ती विमा कंपनीला. दुसऱ्यांचा माल आंतरराज्य वाहणाऱ्या मोठ्या ट्रकसाठी केंद्रीय नियमाने किमान साडेसात लाख डॉलरचं दायित्व-विमाछत्र लागतं, आणि माल देणारे बहुतेकदा दहा लाखांचं मागतात. पाच-सात गाड्यांच्या मालकाला नवखा पोरगा मनापासून आवडला, तरी विमावाला वर्ष-दोन वर्षांच्या अनुभवाखाली नाव चढवू देत नाही, किंवा हप्ता असा सांगतो की मालक हात जोडतो. नवशिक्यांना घेऊ शकतात त्या प्रामुख्याने हजारो गाड्यांच्या, अपघाताचा बराच भार स्वतः पेलणाऱ्या कंपन्या. म्हणूनच ‘ड्रायव्हर पाहिजे’च्या जाहिराती ढिगाने दिसतात आणि त्यांच्या तळाशी अनुभवाची अट असते. अठरा ते वीस वर्षांच्या मुलांची अवस्था आणखी बिकट, कारण राज्याची हद्द ओलांडायला वय 21 लागतं; 2022 मध्ये सुरू झालेली उमेदवारीची प्रायोगिक योजना हा त्याला अपवाद होता.

या मोठ्या कंपन्यांची माणसं शाळेतच येऊन बसतात. परवाना हातात पडण्याआधीच विद्यार्थ्याला ‘तुम्हाला घेऊ’ असं पत्र मिळतं. घरी ते नेमणूकपत्र म्हणून दाखवलं जातं, पण ते फक्त बोलावणं असतं. वैद्यकीय दाखला, अमली पदार्थांची चाचणी, मागच्या नोकऱ्यांची चौकशी, कंपनीची स्वतःची रस्ता-चाचणी, हे सगळं पुढे उभं असतं. पत्रं तीन-चार असावीत, आणि एकावरही हरखून जाऊ नये.

मग येतो ट्रेनर. शिकाऊ परवान्यावर गाडी चालवताना अनुभवी परवानाधारकाने शेजारच्या पुढच्या सीटवर बसलंच पाहिजे, असा नियम आहे. पक्का परवाना मिळाला की ती सक्ती संपते, आणि ट्रेनर मागच्या बर्थवर झोपू शकतो. कंपनीला हे सोयीचं आहे. एका चालकाला 14 तासांच्या खिडकीत जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते, मग सलग 10 तास विश्रांती. दोघे आलटून पालटून चालवू लागले की तीच गाडी जवळपास दिवसरात्र धावते. कालपर्यंत शाळेत असलेला मुलगा रात्री दोनला एकटा स्टिअरिंगवर, आणि गुरू पडद्याआड घोरतोय: कागदोपत्री याचं नाव प्रशिक्षण. आपला उस्ताद शिव्या देई, पण बहुधा जागा असे. कंपनी पारखायची ती इथे. ट्रेनरला स्वतःला किती वर्षं झाली, पहिले किती तास तो पुढे बसतो, शिकाऊच्या मैलांचा पैसा त्यालाही मिळतो का, हे भरतीवाल्याला विचारावं. गोलमोल उत्तर आलं तर तेही उत्तरच.

पैशाची बाजू अशी. पगार तासावर नसून मैलावर असतो. 1938 च्या श्रमकायद्यातल्या सवलतीमुळे आंतरराज्य ट्रकचालकांना केंद्रीय ओव्हरटाइम लागू होत नाही. समजा मैलाला 50 सेंट दर आहे आणि आठवड्याला 2,200 मैल पडले, तर 1,100 डॉलर झाले. आकडा बरा दिसतो. पण आठवड्यात 70 तास कामात गेले असतील तर तासाला पावणेसोळा डॉलर पडतात, आणि गोदामाच्या दारात माल उतरण्याची वाट बघत काढलेल्या तासांचे बहुधा काहीच नाहीत, निदान पहिल्या दोन तासांचे. मिचेल हॉफमन आणि स्टीफन बर्क्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2020 मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं, की नवे चालक आपण आठवड्याला किती मैल काढू याचा अंदाज सतत फुगवून बांधतात, आणि प्रत्यक्ष आकडे समोर येऊनही तो अंदाज फार हळू खाली येतो. भरतीवाल्याला खोटं बोलायची गरजच उरत नाही.

शाळेची फी कंपनीने भरली असेल तर बहुधा एक करार असतो: अमुक महिने टिकलात तर फी माफ, आधी सोडलंत तर परत करा. करार असणं वाईट नाही. कंपनीने खर्च केलेला असतो आणि माणूस परवाना घेऊन शेजाऱ्याकडे जाऊ शकतो. पाहायचं ते इतकंच, की देणं महिन्यागणिक कमी होतं की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहतं. ट्रक भाड्याने घेऊन हप्त्याहप्त्याने मालक होण्याच्या योजनेला मात्र पहिल्या वर्षी हातही लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मैल कमी पडले तरी हप्ता कमी होत नाही. कागदावर स्वतंत्र कंत्राटदार ठरवलेल्या अशाच एका चालकाने, ज्याची सुरुवात कंपनीच्या उमेदवारीतून झाली होती, केलेला मजुरीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा’ या खटल्यात जानेवारी 2019 मध्ये न्यायालयाने म्हटलं, की वाहतूक कामगारांसाठी लवाद कायद्यात असलेला अपवाद कंत्राटदारांच्या करारांनाही लागू होतो. त्या कायद्याच्या आधारे चालकाला सक्तीने लवादाकडे धाडता येणार नाही.

‘ड्रायव्हरांचा तुटवडा आहे’ हे वाक्य या सगळ्याच्या पार्श्वभूमीवर वाचावं. मोठ्या ट्रकलोड, म्हणजे एका ग्राहकाचा ट्रकभर माल वाहणाऱ्या, कंपन्यांत चालक बदलण्याचं वार्षिक प्रमाण गेल्या दशकात कित्येकदा 90 टक्क्यांच्या आसपास होतं. याचा अर्थ दहातले नऊ जण धंदा सोडतात असा नाही. काही सीटवर वर्षात तीन-तीन माणसं बसून जातात, आणि जुनी माणसं आपल्या जागी असतात. बर्क्स आणि क्रिस्टन मोनाको यांनी 2019 मध्ये दाखवलं, की ट्रकचालकांचा श्रमबाजार एकूण इतर बाजारांसारखाच चालतो; ही गळती मुख्यतः लांब पल्ल्याच्या ट्रकलोड भागातली आहे. वर्ष भरलं की विमावाल्याची हरकत मावळते, छोटा मालक फोन उचलतो, रोज रात्री घरी आणणारी स्थानिक नोकरी आवाक्यात येते, आणि माणूस निघतो. त्याची सीट भरायला भरतीवाला पुन्हा शाळेत जातो.

जे निघत नाहीत, त्यांच्यापुढे कंपनी दुसरा प्रस्ताव ठेवते, काही ठिकाणी वर्ष भरण्याच्याही आधी: मैलामागे थोडे जास्त पैसे, आणि शेजारच्या सीटवर शाळेतून आलेला एक नवा मुलगा.